गाडीच्या दारातली रुई

वैशाख लागला की कारंज्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, लग्नं आणि माझी चिडचिड. बँडवाले भर उन्हात घामाघूम होऊन वाजवत जातात, मागून फुलं चिकटवलेली गाडी येते, आणि मी ओसरीवरून त्या गाडीच्या दाराचा खालचा काठ बघत बसतो. नवरी कशी होती ते मला आजवर कधी सांगता आलेलं नाही. दाराचं मात्र विचारा. रंगाखाली मसुरीच्या डाळीएवढा फोड आलेला असतो आणि मला कळतं, आतून पत्रा गेला. सून म्हणते, "मामाजी, लोकाच्या मंगल कार्यात तरी वाकडं पाहू नका." खरं आहे तिचं. पण ज्यानं पस्तीस वर्षं मोटारींची कातडी सोलून पोट भरलं, त्याला दुसरं काय दिसणार?

परवा भाच्याच्या गॅरेजात नागपूरचा एक पोरगा जुनी विलायती गाडी घेऊन आला. कुणाच्या तरी गोठ्यात पंचवीस वर्षं पडून होती म्हणे, कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. पोरगा मोठा हौशी. "काका, होती तशीच करायची आहे," म्हणाला. मनात म्हटलं, होती तशी काहीच होत नसतं बाबा, तू पैसेवाला आहेस म्हणून तुला माहीत नाही. भाच्यानं मला खुर्ची टाकून दिली आणि ठोकून बघायला सांगितलं. तेवढंच काम आता माझ्याकडे उरलं आहे. चांगला पत्रा टण् वाजतो, सडलेला थप् करतो. मडगार्ड ठोकत ठोकत मी मागच्या दारापाशी आलो. तिथे थप् वाजलं. भाचा दाराच्या आतल्या अस्तराचे स्क्रू खोलायला पेचकस घेऊन आला, तेव्हा मी उठलो आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जाऊन उभा राहिलो.

सत्याहत्तर सालचा वैशाख मला असा कुठेही गाठतो.

तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यातले. कापूस बाजाराच्या रस्त्याला चार टिनांखाली मी स्वतःचं दुकान टाकलं होतं, त्याला वर्षही झालं नव्हतं. वर टिन तापलेलं, समोर ग्यासची ज्योत, आणि दोन्हींच्या मध्ये मी. डोळ्यांवर हिरव्या काचांचा चष्मा असे. तो काढला की घटकाभर सगळं जग गुलाबी दिसायचं, भंगाराचा ढीगसुद्धा. कोपऱ्यात कार्बाइडचा ड्रम खदखदत असायचा. त्याच्या ग्यासला लसणासारखा उग्र वास. तो अंगात इतका मुरायचा की बायको ताट वाढून चार हात लांब बसायची. वैशाखात आंबेवाले माझ्याकडे मुद्दाम यायचे, "मिस्त्री, दोन खडे द्या ना बाप्पा," म्हणून. कार्बाइडचे खडे आढीत ठेवले की हिरवे आंबे दोन दिवसांत पिवळेधमक दिसायचे. आतून दगड. लोक त्याचा रस काढून लग्नात वाढायचे आणि वऱ्हाडी मंडळी तोंड वाकडं करून साखर मागायची. मला त्याची फार मजा वाटे.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. हात चांगला आणि जीभ वाईट. गिऱ्हाइकाला वाईट बातमी द्यायला मला मनापासून आवडायचं, हे आज लिहिताना लाज वाटते, पण आवडायचं. मोठमोठे लोक धोतराचा सोगा धरून माझ्यासमोर उभे राहत. मी पेचकसाचं टोक पत्र्यावर टेकवून हळूच दाबत असे. टोक आरपार जायचं. त्यांचे चेहरे पडायचे. मग मी म्हणायचो, "आतून खलास हाये." सातवी पास माणसाला एवढा मान दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळाला असता?

गुलाबशेठ म्हणजे गावातले धान्याचे आणि रुईचे जुने जैन व्यापारी. त्यांची गाडी त्या वर्षी माझ्या दुकानात आली. मोठी, काळी, विलायती, इंग्रजांच्या वेळची. शेठजी त्याच गाडीतून लग्न करून बायको घेऊन आले होते, आणि आता धाकट्या लेकीची पाठवणी त्याच गाडीतून करायची त्यांच्या मनात होती. गाडी मी लांबून पाहिली तेव्हा आरशासारखी चमकत होती. जवळून पाहिली तर चारी दारांचे खालचे काठ फोडांनी भरलेले. गाडीबरोबर तिचा ड्रायव्हर आला होता, उकंडाभाऊ.

उकंडा हे नाव आमच्या भागात मुद्दाम ठेवतात. आधीची भावंडं जगली नाहीत की पुढचं पोर जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवायचं आणि कुणीतरी उचलून परत आणायचं. मरणाला वाटावं, हा तर टाकलेला माल, ह्याला काय न्यायचं! उकंडाभाऊ असा टाकून उचललेला, पंचावन्नच्या घरातला माणूस. बायको मेलेली, मूलबाळ नाही. शेठजींच्या गाडीखान्याला लागून एक खोली होती, तिच्यात राहायचा. तीस वर्षं त्यानं ती एकच गाडी चालवली आणि दिवसातून दोनदा धुतली. पावसातून आली तर आपल्या अंगावरच्या सदऱ्यानं पुसली. अशा माणसाला आम्ही मिस्त्री लोक वेडा म्हणायचो आणि त्याच्या तोंडावर हसायचो.

पहिल्याच दिवशी शेठजींचा मुनीम निघून गेल्यावर तो माझ्याजवळ सरकला. "मिस्त्री," म्हणाला, "धाकट्या शेठले नवी गाडी पाह्यजे. ते म्हनून राह्यले का हिले भंगारात घाला. मोठे शेठजी म्हनतात, मिस्त्री सांगन तसं करू. तुमी म्हनान तेच होईन आता. गाडी राह्यली त मी राह्यलो. मले दुसरी गाडी जमत नाही, न दुसरं घर नाही."

"पाहू ना," मी म्हणालो. "पत्रा काय म्हनते ते पाहू आधी."

"पत्रा चांगलाच म्हनन. म्या लय जपली हाये तिले."

जपली हाये! मला हसूच आलं. ज्याला त्याला वाटतं आपण फार जपतो.

ठिगळ लावणं हे दिसतं तेवढं सोपं काम नाही. नवशिके सडक्या पत्र्यावरच ठिगळ ठेवतात आणि ज्योत लावतात. सडका पत्रा ज्योत सोसत नाही, भोक बोटाएवढं होतं ते बशीएवढं होतं. म्हणून आधी कापायचं, चांगला पत्रा लागेपर्यंत निर्दयपणे कापत जायचं. मग पुठ्ठ्याचं माप घ्यायचं. त्या दिवसांत पुठ्ठ्याला तोटा नव्हता, लग्नपत्रिका ढिगानं यायच्या. कुणाच्या तरी चिरंजीवाच्या नि सौभाग्यकांक्षिणीच्या नावावरून कात्री चालवून मी किती दारांची मापं काढली असतील! त्या मापानं नवा पत्रा कापायचा, काठाला काठ भिडवायचा, आणि एकदम न जोडता इथे एक टाका, तिथे एक टाका घालायचा. दर टाक्यानंतर ओलं पोतं दाबायचं, नाहीतर पत्रा पापडासारखा फुगतो. पोतं दाबायला दुसरा माणूस लागतो. ते काम उकंडाभाऊनं न सांगता अंगावर घेतलं. पुढची दोन मडगार्डं आम्ही दोघांनी मिळून केली. पोतं दाबलं की वाफ त्याच्या मनगटावर येई, आणि तो हात काढून घेण्याऐवजी गाडीलाच म्हणे, "झालं, माय, झालं."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो शेठजींच्या घरी पाणी भरायला गेला असताना मी मागच्या दाराचं अस्तर काढलं. ज्योत लावण्याआधी आत काही पेट घेण्यासारखं आहे का ते पाहावंच लागतं. आत हात घातला तर काहीतरी गार, बुळबुळीत लागलं. ओढलं, तर काळा-तपकिरी लगदा बाहेर आला. आणखी ओढलं, आणखी आला. रुई होती. शेरभर तरी असेल, पावसाळ्यामागून पावसाळे पाणी पिऊन कुजलेली. सरकी कुजल्यावर गोदामाला येतो तो वास साऱ्या दुकानात पसरला.

कपाशीच्या मुलखात प्रत्येक भोकाला इलाज एकच, रुई. कान दुखला, कोमट तेलाचा बोळा. दाढ ठणकली, लवंगेच्या तेलाचा बोळा. घागर झिरपली, खिडकीतून वारा आला, उशी चपटी झाली, आहेच रुई. शेवटी माणूस मेला की त्याच्या नाकात तीच. आमच्याकडे ती घरात मिठासारखी पडलेली असते, म्हणून तिचं काही वाईट होऊ शकतं असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. कोकणातल्या किंवा पुण्याच्या ड्रायव्हरला गाडीच्या दारात रुई कोंबायचं सुचलं नसतं. दाराची काच खडखडते, तिचा आवाज बंद व्हावा म्हणून ती कोंबलेली होती. आवाज बंद झाला. पण काचेच्या फटीतून उतरणारं पाणी दाराच्या तळाशी जाऊन बारीक भोकांतून निघून जायचं असतं. ती भोकं रुईनं बुजली, आणि रुईनं ते पाणी वर्षानुवर्षं पत्र्याला चिकटवून धरलं. जी गाडी त्यानं बाहेरून दिवसातून दोनदा पुसली, तीच तो आतून ओली ठेवत होता.

मी ती रुई चुपचाप काढून फेकू शकत होतो. आजही कधी कधी मनात ती तशीच फेकून बघतो. दार बंद, ठिगळ लावलं, लांबीच्या लेपानं खळगे भरले, रंग मारला, कुणाला काही कळलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

मी शेठजींना बोलावणं पाठवलं.

ते आले, धाकटे शेठ आले, मुनीम आला. समोरच्या चहाच्या टपरीवरची दहा-बारा रिकामटेकडी माणसं आली. पाण्याच्या घागरीनं खांदा भिजलेला उकंडाभाऊही आला आणि गाडीपाशी उभा राहिला. मी सगळ्यांसमोर दुसऱ्या दारात हात घातला आणि रुई ओढायला सुरुवात केली, एकदम नाही, थोडी थोडी, जादूवाला टोपीतून रुमाल काढतो तशी. जमिनीवर ढीग होऊ लागला. मग मी म्हणालो, "शेठजी, गाडी कवाच मेली दिसते. उकंडाभाऊनं नाकात बोळे घालून ठेवले न आपल्याले सांगतलंच नाही!"

लोक खो खो हसले. धाकटे शेठ तर टाळी द्यायला हात पुढे करत होते. गुलाबशेठ हसले नाहीत.

"उकंडा, हे कोनं केलं?"

"म्या केलं, शेठजी."

"काहून?"

"खडखड करे. बाईसाहेबाईले तरास होये."

तेवढं बोलून त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. शाळेत पोरगं गुरुजींकडे पाहतं ना, की आता हे सांगतील, तसं पाहिलं.

मी पेचकसानं पत्रा टोचत होतो. पेचकस आरपार जात होता आणि मी तो सगळ्यांना दाखवत होतो.

शेठजी म्हणाले, "तीस वर्षं विश्वासानं तुह्या हाती देल्ली, न तूच तिले आतून सडवली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, लग्नापुरती उभी करा. मंग पाहू." आणि उकंडाभाऊसमोर नुसता हात पसरला. त्यानं चावी कमरेच्या करगोट्याला बांधलेली असायची. गाठ सुटेना. धाकट्या शेठनी माझ्या कात्रीनं ती दोरी कापली. आठवड्यात खोली रिकामी करायला सांगितलं.

आता खरं सांगतो. ती रुई त्याला कोंबायला मीच सांगितली होती.

त्याच्या आठ वर्षं आधीची गोष्ट. मी जिनिंगजवळच्या एका उस्तादाकडे कारागीर होतो. उकंडाभाऊ त्या खडखडीसाठी तीन-चार वेळा येऊन गेला. काम दिडकीचं आणि ह्याची भुणभुण रोजची. एक दिवस वैतागून मी म्हणालो, "कपाशीच्या गावात राह्यते न रडते कायले? कोंब ना रुई दारात!" दुकानातली माणसं हसली. तो हसला नाही. त्याला वाटलं, मिस्त्रीनं उपाय सांगितला. हात जोडून गेला आणि कधी परत आला नाही. मला वाटलं, पीडा टळली.

हे मला नंतर आठवलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. त्या सकाळी पहिला लगदा हाताला लागला त्याच क्षणी आठवलं. आणि पाठोपाठ मनात आलं की हा शेठजींना माझं नाव सांगणार. नवं दुकान, शेठजींचं पहिलं काम, बाजारात बोभाटा होणार. त्यानं तोंड उघडण्याआधी त्याला इतका मूर्ख ठरवायचा, की पुढे तो काहीही म्हणाला तरी लोकांनी हसावं. म्हणून बोलावणं, म्हणून गर्दी, म्हणून ती नाकातल्या बोळ्यांची गंमत. वड्याचं तेल वांग्यावर काढणारे पुष्कळ पाहिले, पण मी तर वांगं आधी चारचौघांत चिरून ठेवलं. आणि एवढं करून त्यानं माझं नाव घेतलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला आलो तर उकंडाभाऊ ओलं पोतं घेऊन दारात उभा. मी म्हटलं, आता भांडण. तो म्हणाला, "चार दारं राह्यली ना मिस्त्री. पोतं कोन दाबन?"

मी त्याला ठेवून घेतला. मला माणूस हवाच होता आणि तो फुकट होता. चार दिवस त्यानं पोतं दाबलं. मी डोळ्यांवरचा हिरवा चष्मा उतरवत नसे, म्हणजे त्याच्याकडे पाहायला नको. शेवटच्या दाराच्या वेळी, हात पोत्यावर तसाच ठेवून, त्यानं विचारलं.

"मिस्त्री, एक इचारू? रुईचं तुमीच सांगतलं होतं ना मले? जिनिंगजवळच्या दुकानात?"

"म्या?" मी म्हणालो. "मी कायले सांगीन असं? मिस्त्री मानूस सांगन का दारात रुई भर म्हनून?"

त्यानं पोतं उलटून पुन्हा दाबलं. "हो ना," म्हणाला. "मिस्त्री कायले सांगन."

ठिगळं अशी बसली होती की नख फिरवलं तरी शिवण लागत नव्हती. लग्न थाटात झालं. कुठल्याशा जीपवाल्याला त्या दिवसापुरता ड्रायव्हर म्हणून बसवलं. गाडी झेंडूच्या माळा लेवून माझ्या दुकानासमोरून गेली तेव्हा शेठजींनी आतून मला हात केला, आणि बाजारातल्या प्रत्येकानं तो पाहिला. पावसाळ्याआधी गाडी अमरावतीच्या कुणाला तरी विकली. माझं दुकान मात्र चाललं. "कारंज्याचा मिस्त्री आतलं सांगते, लपवून ठेवत नाही," असं नाव झालं. चार टिनांची आठ टिनं झाली.

परवा भाचा आतून ओरडला, "मामा, या ना! उंदराचं घर हाये आत!" मी जाऊन पाहिलं. खरंच उंदराचं घर होतं, चिंध्या नि गवताचं. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या नागपूरच्या पोराच्या पाठीवर थाप मारली. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. "काका, तुमच्यासारखे स्पष्ट सांगणारे लोक राहिले नाहीत आता," तो म्हणाला. हे वाक्य मला आयुष्यात फार वेळा ऐकावं लागलं आहे. पहिल्यांदा कुठे ऐकलं तेही लक्षात आहे.

एकोणऐंशी साल असेल. एका जीपचा फुटलेला तळ पाहायला मी कामरगावला गेलो होतो. एस.टी.तून उतरलो तर जीपा उभ्या राहतात तिथे एक म्हातारा "कारंजा, कारंजा, एक सीट, एक सीट" म्हणून ओरडत होता. सीट भरली की जीपवाले त्याला काहीतरी देत. आवाज पार बसलेला. मी ओळखलं आणि मान वळवली, पण त्यानंही ओळखलं होतं. धावत आला. माझा हात धरून मला जीपवाल्यापुढे नेलं आणि म्हणाला, "हे आमचे कारंज्याचे मिस्त्री. तुही गाडी यायलेच दाखव. लय सच्चा मानूस. गाडीतलं खोटं यायच्यापासून लपत नाही."

मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. टोमणा असता तर मी सोसला असता, खरं म्हणजे मला तो हवाच होता. टोमणा नव्हता.

त्यानं मला चहा पाजला. बाकावर माझ्याशेजारी बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मिस्त्री, एक गोठ राहून गेली होती. मले लय दिवस वाटे का ते रुईचं तुमीच सांगतलं. मनातल्या मनात शिव्याही देल्ल्या म्या तुमाले. मंग तुमी म्हनले तसा इचार केला, मिस्त्री मानूस असं कायले सांगन? माह्यंच डोकं फिरलं होतं. फुकटचा आळ घेतला तुमच्यावर. माफी करा."

तेव्हा माझं काही जाणार नव्हतं. दुकान पक्कं झालं होतं, गाडी विकली गेली होती, शेठजी थकले होते. ऐकायला तो आणि मी, दोघंच. तो हात जोडून माझ्या तोंडाकडे पाहत होता, आणि त्याच्या मनगटांवर वाफेनं भाजल्याचे डाग अजून पांढरे दिसत होते.

"जाऊ द्या, उकंडाभाऊ," मी म्हणालो. "होते मानसाच्या हातून चूक. मी केव्हाच इसरलो."